अकरा ओटे

मला राग लवकर येतो आणि जायला फार वेळ लागतो. बँकेत सत्तावीस वर्षं काउंटरवर बसले, तेव्हा तो गिळून टाकण्याचा पगार मिळत होता. पुढे बँकांत कॉम्प्युटर आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि साहेबांनी "तुम्हाला झेपेल ना हे सगळं?" असं फार काळजीने विचारल्यावर मी तिथल्या तिथे अर्ज भरून दिला. निवृत्त बाई रिकामी दिसली की पुण्यात तिला कुठल्या ना कुठल्या संस्थेत गोवतात. मलाही एका संस्थेने मानद चिटणीस केलं. मानद म्हणजे बोलणी खायची, पण फुकट.

संस्था अगदी लहान होती. धायरी खेडं होतं तेव्हा एका शिक्षक नवरा-बायकोने तिथे थोडी जागा घेतली, ट्रस्ट केला आणि एका ओळीत अकरा खोल्या बांधल्या. पुढे लांब ओसरी, मागे नळ आणि न्हाणीघरं. पेठांमधल्या घरांत ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचा स्वयंपाक केला आणि म्हातारपणी ज्यांना जायला घर नाही, अशा बायकांसाठी या खोल्या होत्या. भाडं नाही, अनामत नाही. हात चालतात तोवर आपलं आपण करायचं, एवढीच अट.

बांधकाम काढण्याआधी त्या शिक्षिकाबाईंनी एक शहाणपणाचं काम केलं होतं, जे सहसा कुठली संस्था करत नाही. ज्यांच्यासाठी खोल्या बांधायच्या त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवं? कुणी खाट मागितली नाही, कपाट मागितलं नाही. सगळ्यांनी ओटा मागितला. म्हणून प्रत्येक खोलीत खिडकीखाली कडप्प्याचा ओटा होता, वर दोन फळ्या, खाली डबे ठेवायला जागा. खोलीच्या मानाने तो मोठाच होता. खाट टाकल्यावर अंग चोरून चालावं लागे.

माझ्याकडे बावीस वर्षं पोळी-भाजी करायला येणाऱ्या मावशी तिथे सातव्या खोलीत राहत. मी वेळेवर बँकेत पोचायचे ती त्यांच्या जिवावर. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात स्वतःसाठी एक पापड भाजून घेतला नाही. मीही तो विषय कधी काढला नाही, हे आता लिहायला हरकत नाही. त्यांना खोली मिळाल्यावर मी पहिल्यांदा भेटायला गेले, तर त्या मेथीची भाजी करत होत्या. भाजीत लसूण होता, भरपूर.

"आमच्याकडे तर तुम्ही कधी लसूण घातला नाहीत," मी म्हटलं.

"तुमच्याकडे चालत नव्हता. मला आवडतो," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षं माझ्या घरात वावरलेल्या बाईला काय आवडतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ग्रामपंचायत होती तोवर घरपट्टीचा विषय निघाला नाही. म्हाताऱ्या बायकांकडून कसली पट्टी घ्यायची, असं सरपंच म्हणाले आणि विषय संपला. मग गाव महापालिकेच्या हद्दीत आलं. आजूबाजूच्या शेतांत इमारती उठल्या, त्यांना इंग्रजी नावं लागली, आणि सकाळी आयटी कंपन्यांच्या बस धायरी फाट्यावर माणसं उचलायला यायला लागल्या. पाणी मात्र टँकरनेच येत राहिलं. आणि एक दिवस आमच्या ओसरीवर मिळकतकराची बिलं येऊन पडली. एक नाही, अकरा. शेजारच्या शेतकरी आजोबांनी आपली निम्मी जमीन नुकतीच बिल्डरला दिली होती. ते बिलं हातात घेऊन म्हणाले, "गाव हुतं तवा बरं हुतं. आता ह्ये अकरा कागुद आलं, पन पानी कुठं हाय?" पाणी आणणं माझ्या हातात नव्हतं.

बिलांवर मात्र कायद्यात उत्तर आहे, असं मला वाटलं. निव्वळ धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट मिळते. मी कागद जमवले. ट्रस्टच्या नोंदणीचा दाखला, घटना, हिशेबतपासनिसांचे अहवाल, भाडं घेत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळ्याच्या साक्षांकित प्रती. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून जिन्याने वर, वरून परत पहिल्या टेबलावर. तिथले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मागेही आला होतात ना?" मी म्हटलं, "हो, आपणच वर पाठवलं होतंत." ते म्हणाले, "मग वरच विचारा." अशी पाच महिने मी त्या कचेरीची शोभा वाढवली.

शेवटी एका कारकून बाईंना माझी दया आली. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा मॅडम, सिस्टिममध्ये हे ऑप्शन आहेत. निवासी, बिगरनिवासी, शाळा, दवाखाना, मंदिर, वसतिगृह. तुमचं यात कुठेच बसत नाही."

"निराधार म्हाताऱ्या बायकांना आम्ही फुकट जागा देतो. हे धर्मादाय नाही तर काय आहे?"

"असेल हो. पण प्रत्येक खोलीत वेगळा स्वयंपाक म्हणजे वेगळं बिऱ्हाड. वेगळं बिऱ्हाड म्हणजे निवासी. एकत्र स्वयंपाक असता, तर वसतिगृहात बसवलं असतं आणि सूट मिळाली असती."

मी घरी येऊन मुलाला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये, सिंहगड रस्त्यावर नव्या फ्लॅटमध्ये राहणारा. तो म्हणाला, "आई, यात कॉम्प्युटरचा काय दोष? ज्याने लिस्ट बनवली त्याला अशी जागा असू शकते हे सुचलंच नसणार. एक ऑप्शन ॲड करायचा, दोन मिनिटांचं काम." ते दोन मिनिटांचं काम कुणाचं, हे मला पुढची दोन वर्षं कुणी सांगू शकलं नाही. त्याच सुमाराला आयटी कंपन्यांच्या इमारतींना निवासी दराने कर लावण्याचं धोरण असल्याचं पेपरात वाचलं. म्हणजे कंपनीला घराचा दर लावता येत होता, पण आमच्या घरांना वसतिगृह म्हटल्याशिवाय सूट नव्हती. तो पेपर मी रद्दीतसुद्धा घातला नाही, फाडून टाकला.

करात सूट मिळण्याच्या अर्जावर तपासणी व्हायची होती. आमचे अध्यक्ष निवृत्त वकील. अतिशय मृदू बोलणारे. ते खोटं कधी बोलत नसत, फक्त मांडणी बदलत. त्यांनी मांडलं की तपासणीच्या दिवशी सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र असावा. "रोज असतो असं आपण म्हणायचं नाही. त्या दिवशी आहे, एवढं दिसलं की झालं." एरवी मला हे पटलं नसतं, पण पाच महिने जिने चढल्यावर माणसाची पटवून घेण्याची ताकद वाढते. मंडईजवळच्या दुकानातून मी दोन मोठी पातेली, झारे आणि पंधरा ताटं भाड्याने आणली. ओसरीच्या टोकाला ताडपत्री लावून शेगडी मांडली आणि 'भोजनगृह' अशी पाटी टांगली. बायकांना बजावलं, आपापले स्टोव्ह खाटेखाली सरकवा, ओट्यावर कागद पसरा आणि देव मांडा. भात कुणी करायचा, आमटी कुणी, पोळ्या कुणी, सगळं नेमून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीस वर्षं मालकिणींपुढे डोलावलेल्या त्या माना, त्यांचा अर्थ मला तरी कळायला हवा होता.

इन्स्पेक्टर अकराच्या सुमाराला स्कूटरवरून आला. तिशीतला, काटकुळा, विदर्भातला. नोकरीसाठी पुण्यात एकटा राहतो आणि खाणावळीत जेवतो, हे त्याने भोजनगृहाच्या पाटीकडे बघत आपणहून सांगितलं. आमटी उकळत होती. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. काम फत्ते झालं होतं. दोन मिनिटांत तो स्कूटरला किक मारून गेला असता.

तेवढ्यात तिसऱ्या खोलीतल्या आजी दारात आल्या. त्या वर्ध्याकडच्या. त्याचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"काहून रे बाबू, कोन्त्या गावचा तू?"

झालं. गावाचं नाव निघालं, तालुका निघाला, नदी निघाली, आणि आजी म्हणाल्या, "थांब, गोळाभात केला हाये. दोन घास खाऊन जाय."

मी मध्ये पडले. "आजी, ते जेवतील की तिकडे, भोजनगृहात."

"तिथच्या भाताचा गिचका झाला हाये," आजी म्हणाल्या. "पाहुण्याले तो द्याचा का?"

खोलीत ओट्यावर स्टोव्ह होता, स्टोव्हवर डाळीचे गोळे घातलेल्या भाताचं पातेलं होतं आणि देव खाटेवर होते. इन्स्पेक्टर ओट्याशेजारी पाटावर बसून जेवला. "चार वर्षं झाले आजी, गोळाभात नाही भेटला," असं तो म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. त्याचा आवाज ओसरीभर गेला. लगेच पाचव्या खोलीतल्या बाई आल्या. त्यांनी तीस वर्षं एका डॉक्टरांकडे काढली होती आणि त्यांच्या पुरणपोळीचं पेठेत नाव होतं. पाहुणा तिसऱ्या खोलीत जेवून आपल्या दारावरून तसाच गेला असता, तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग एकीने भरली वांगी काढली, एकीने अळूवडी. प्रत्येकीने पहाटेच गुपचूप काही ना काही करून ठेवलं होतं. आपापल्या घरांत नाव कमावलेल्या अकरा स्वयंपाकिणी त्या. दुसरीच्या हातचं पाहुण्याला वाढून गप्प बसणं त्यांच्यातल्या एकीलाही जमणारं नव्हतं. मावशींनी घडीची पोळी आणि लसणाची चटणी वाढली, आणि मी डोळे वटारले तेव्हा मला म्हणाल्या, "वहिनी, माणूस उपाशी होता हो."

तो अकराही ओट्यांपाशी जेवला. जाताना सगळ्यांच्या पाया पडला. तीन आठवड्यांनी त्याचा अहवाल आला, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. एका ओळीत अकरा खोल्या, प्रत्येक खोलीत स्वयंपाकाची स्वतंत्र सोय प्रत्यक्ष वापरात, ओसरीवरील भोजनगृह तात्पुरते. मी त्याला कचेरीत जाऊन गाठलं. "अहो, जेवलात ना तिथे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "जेवलो ना मॅडम, म्हणून तर खोटं लिहिणं जमलं नाही. आणि उद्या दुसरा कुणी तपासायला आला, तर नोकरी माझी जाते."

मला त्याच्यावर मनसोक्त चिडायचं होतं. ते जमेना, याचा राग वेगळा आला.

पुढे सुनावणी झाली. तिथले साहेब भले होते, त्यांनी तोडगा दिला. ओटे काढून टाका, एक सामायिक स्वयंपाकघर बांधा, फोटो जोडा, पुढच्या वर्षापासून सूट. विश्वस्तांच्या बैठकीत हे सगळ्यांना उत्तम वाटलं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. अकरा निवासी मिळकतींचा कर संस्थेला झेपणारा नव्हता, दोन-चार वर्षांत जागाच विकायची वेळ आली असती, आणि फाट्यावर बिल्डर टपलेले होतेच. "आपण स्वयंपाकीण ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "बायकांना आयतं ताट मिळेल. जन्मभर राबल्या बिचाऱ्या." बिचाऱ्यांना विचारलंत का, असं मी म्हटलं. त्यावर अध्यक्षांनी चहा मागवला. ठराव आठ विरुद्ध एक मताने मंजूर झाला, आणि तो सुवाच्य अक्षरात इतिवृत्तात लिहिण्याचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडेच आलं.

गवंडी पहार घेऊन आला, तेव्हा अकराही ओट्यांवर काहीतरी शिजत होतं. "उतरलं की काढा," बायका म्हणाल्या आणि त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी हरभरे होते, ते संध्याकाळपर्यंत शिजले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुळीथ. चौथ्या दिवशी गवंडी मला म्हणाला, "बाई, पेटत्या स्टोव्हखालचा दगड मी काढणार नाही. आणि यांचं खाऊन खाऊन माझ्याच्यानं काम होत नाही." तो गेला. मी त्याच्यादेखत चिडले आणि परतताना बसमध्ये एकटीच हसले.

हसू रात्रीच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकलं नाही. दिवेलागणीला मावशी माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघराकडे न जाता बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या.

"आम्ही अकराजणींनी बसून ठरवलंय," त्या म्हणाल्या. "ओटे राहू द्या. पट्टी आम्ही भरू. जिची तिने."

"मावशी, कुठून भरणार?"

"हात चालतात की अजून."

"असं करू, तुमची मी भरते. मला पेन्शन आहे, मला काही जड नाही."

मावशींनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही भरलीत तर खोली तुमची झाली, वहिनी. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ओट्याशी उभी राहिले. हा एक माझा आहे." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलाकडे पोळ्यांना बाई मिळत नाही म्हणत होतात ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. बाई बहात्तर वर्षांच्या. पण मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी दुसरं घर शोधलं असतं, चौथ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं. हो म्हटलं, तर माझ्या नातवाच्या डब्यातल्या पोळीवर त्यांच्या ओट्याचा कर निघणार. दोन्हीकडून माझंच तोंड काळं. मी हो म्हटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. अकरापैकी सातजणी पुन्हा कामाला लागल्या, बहुतेक आयटीतल्या पोरांच्या फ्लॅटवर. पोरं खूश झाली, घरच्यासारखं जेवण मिळतंय म्हणाली. चौघींना फार वेळ उभं राहवत नव्हतं, त्यांचा भाग सातजणींनी वाटून घेतला. विश्वस्तांनी ओटे काढण्याचा ठराव मागे घेतला आणि बायकांच्या स्वाभिमानाबद्दल अभिनंदनाचा ठराव केला. तो मी लिहिला नाही. अध्यक्षांना सांगितलं, तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच लिहा.

मार्चअखेरीला कर भरायला मावशी माझ्याबरोबर आल्या. माझा मी भरणार, म्हणाल्या. रांगेत दीड तास उभ्या राहिल्या, बाकावर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. नंबर आला तेव्हा त्यांनी रुमालाची गाठ सोडून पैसे खिडकीतून आत सरकवले. यंत्राने करकरत पावती छापली. शाई संपत आली असावी, अक्षरं पार पुसट होती. मावशींनी ती चष्म्याजवळ नेली, मग लांब धरली, मग माझ्या हातात दिली.

"वाचा बरं. माझंच नाव लिहिलंय ना?"

मी वाचलं. खोली क्रमांक सात. वापर निवासी. खाली मालक आणि भोगवटादार असे दोन रकाने होते. दोन्ही रकान्यांत संस्थेचं नाव होतं. कर लावताना त्यांनी प्रत्येक ओटा मोजून वेगळं घर धरलं होतं, आणि त्या घरात राहतं कोण, ते कुणी विचारलं नव्हतं. मीही, चिटणीस असून, ते नाव कुठे लावून घेतलं नव्हतं. दोन वर्षं करात सूट मिळवण्यासाठी भांडताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या कचेरीत मी दोन वर्षं ओरडले होते. ओरडायची खरी वेळ आत्ता आली होती. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"खोली क्रमांक सात," मी म्हटलं. "राहणार..." आणि मी त्यांचं नाव घेतलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, कागदावरून वाचावं तसं सावकाश.

"पूर्ण आहे?"

"पूर्ण आहे."

त्यांनी पावती परत घेतली, चार घड्या केल्या आणि रुमालात बांधली. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "चला वहिनी, बस गाठू. सूनबाई यायच्या आत कणीक भिजायला हवी."